आधी पिनांचे कुलूप घ्यावे
किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकताना घरातील जुन्या सहा लिव्हरच्या (म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या सहा चपट्या पट्ट्यांच्या) कुलपावर महिनाभर प्रयत्न करूनही ते उघडले नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोष आपल्या हाताचा नसून कुलपाच्या निवडीचा आहे. आपल्याकडील पुष्कळशी जड कुलपे लिव्हरची असतात, तर नवशिक्यांसाठी मिळणारी बारीक हत्यारे मुख्यतः पिनांच्या कुलपांसाठी (ज्यांत किल्ली स्प्रिंगांखालच्या छोट्या पिना योग्य उंचीवर उचलते), म्हणजे अमेरिकन कुलूपकार लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात रूढ केलेल्या रचनेसाठी घडवलेली असतात.

या रचनेत किल्लीबरोबर फिरणाऱ्या नळकांड्याची, पिना बसणारी भोके कधीच अगदी एका रेषेत नसतात, आणि म्हणूनच त्यावर फिरवण्याच्या दिशेने हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता आधी एकच अडकते. ती शोधून हळूच वर सारली की नळकांडे केसभर फिरते आणि पुढची पिन अडकते. सारे कौशल्य या ताणात आहे. बहुतेक नवशिके (मीही त्यांतलाच) गरजेपेक्षा फार जोर लावतात, त्यामुळे पिना घट्ट रुततात आणि बोटांना काहीच कळेनासे होते.

शक्य असल्यास सुटे होणारे सरावाचे कुलूप घेऊन त्यात आधी दोनच पिना ठेवाव्यात. ते स्वतःचे आणि वापरात नसलेले असावे, कारण सरावात पिना व स्प्रिंगा बिघडतात आणि घराचे दारच अडकून बसण्याची वेळ येते. महिनाभराने खचू नये; १८५१ साली लंडनमध्ये अमेरिकन कुलूपकार आल्फ्रेड हॉब्स यांना ब्रामा कंपनीचे कुलूप किल्लीशिवाय उघडायला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले होते.