'झेल्डा'तला कास कुठे गेला हे विचारणं म्हणजे खुसपटं काढणं नव्हे

निळीवही

काल या मंचावर एकाने लिहिलं, "झेल्डाच्या गोष्टीत विसंगती शोधणारे खेळत नाहीत, हिशेब तपासतात. टाइमलाइन अशी काही नव्हतीच. गपचूप खेळा, दुसऱ्यांची मजा घालवू नका." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. नवख्यांसाठी एवढंच: झेल्डा ही गेमची मालिका, हायरूल हे तिथलं राज्य, झेल्डा राजकन्या, लिंक वीर आणि गॅनन खलनायक. टाइमलाइन म्हणजे कोणता गेम कशाच्या आधी-नंतर घडतो तो क्रम.

टाइमलाइन नव्हतीच? 'विंड वेकर' हा गेम सुरूच होतो एका जुन्या गोष्टीने. काळाचा वीर निघून गेला, गॅनन परत आला, लोक वाट बघत राहिले पण वीर काही आला नाही, आणि पुढे कळतं की देवांनी अख्खं हायरूल पाण्याखाली घातलं. आता त्याआधीच्या 'ऑकरिना' गेमचा शेवट आठवा. झेल्डा लिंकला त्याच्या बालपणात परत पाठवते. हरवलेली वर्षं त्याला परत मिळावीत म्हणून. पण ज्या जगातून तो गेला तिथे वीर उरलाच नाही. १९९८ मध्ये जो निरोप बघून आपण रडलो, त्याची किंमत कुणी मोजली हे २००२ मध्ये कळलं. तो समुद्र त्या निरोपातून आलाय. हे योगायोगाने होत नाही.

दुसरं उदाहरण 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधल्या सांगाड्याचं, जो लिंकला तलवारीचे डाव शिकवतो. आपण शिकलो ते पुढच्यांना देता आलं नाही ही त्याची खंत. मी आणि माझा मोठा भाऊ तेव्हा एक निळी वही ठेवायचो, कोणता गेम कशाच्या आधी, कशाच्या नंतर. त्याने लिहिलं होतं, "हा ऑकरिनाचाच लिंक." मी ते खोडून "पुरावा नाही" असं लिहिलं. त्यावरून दोन दिवस अबोला होता. २०११ मध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हे अधिकृत पुस्तक निघालं आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. तोवर तो नोकरीसाठी दुसरीकडे गेला होता. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

आणि आता २०२३ चा 'टीअर्स ऑफ द किंगडम'. २०१७ च्या गेमचा थेट पुढचा भाग, तोच नकाशा, तीच माणसं, मध्ये फक्त काही वर्षं गेलेली. आधीची १२० श्राइन्स, म्हणजे कोड्यांची छोटी देवळं, नाहीत, चार दैवी पशू, ती अवाढव्य यंत्रं, नाहीत, किरण सोडणारे यांत्रिक गार्डियन नाहीत. ज्यांच्या सावलीत लोक शंभर वर्षं भीत भीत जगले त्या गोष्टी गायब होतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. काम संपलं म्हणून ते नाहीसं झालं, असं नंतर एका मुलाखतीत सांगितलं गेलं. मुलाखतीत! ज्या गावांसाठी आपण जिवाचं रान केलं तिथली कितीतरी माणसं लिंकला ओळखत नाहीत. आणि कास, तो गाणी म्हणत फिरणारा पक्षीमानव? माळावर अकॉर्डियन ऐकू आलं की मी घोडा थांबवायचे. दुसऱ्या भागात तो कुठेच नाही. मोठा खुलासा मागत नाही मी. एक वाक्य पुरे होतं.

संथखेळ

असहमत, आणि ज्या लिखाणावर तुम्ही चिडलात ते माझं नसलं तरी त्यातलं निम्मं मला पटतं.

तुम्ही सोयीची दोन उदाहरणं घेतलीत. त्याच 'हायरूल हिस्टोरिया'त टाइमलाइनचा तिसरा फाटा आहे, ज्यात ऑकरिनाचा लिंक गॅननकडून हरतो. हे कुठल्या गेममध्ये दाखवलंय? कुठेच नाही. जुने गेम कुठे बसेनात म्हणून 'गेम ओव्हर'च्या पडद्याला इतिहासाचा दर्जा दिला. याला मी टाइमलाइन म्हणत नाही, मागाहून मारलेला टाका म्हणतो.

झेल्डावाले गेम बनवतात तेव्हा आधी हातांना काय करायला मिळेल हे ठरवतात. वस्तू उचला, चिकटवा, उडवा, हे सगळं २०२३ मध्ये त्यांनी उभं केलं. गार्डियन मैदानात ठेवले असते तर आपण पुन्हा ढाल घेऊन त्यांचेच किरण परतवत बसलो असतो.

आणि सांगाड्याचं. तुमच्या भावाला पुस्तकाच्या आधीच कळलं होतं ना? मग पुस्तकाने दिलं काय?

निळीवही

खात्री दिली. आपण जे मन लावून वाचलं ते लिहिणाऱ्यानेही मन लावूनच लिहिलं होतं, ही खात्री. ती तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल तर आपलं जमायचं नाही.

तिसऱ्या फाट्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो मलाही कधी पचला नाही.

गरमबंदूक

खेळण्यासाठी बदल केला की सगळं माफ, हे ऐकून माझी जुनी जखम उघडली. 'मास इफेक्ट' या अंतराळातल्या गेमचा पहिला भाग, २००७. बंदुका तापतात, थांबलं की थंड होतात, गोळ्या संपत नाहीत. दुसऱ्या भागात, २०१० मध्ये, थर्मल क्लिप आल्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या आणि संपल्या की बदलाव्या लागणाऱ्या कांड्या. हे तंत्र मधल्या दोन वर्षांत आलं असं गेमच सांगतो. ठीक, गोळीबार सुधारला, मान्य.

पण जेकब या साथीदाराच्या मोहिमेत आपण ज्या ग्रहावर उतरतो तिथे दहा वर्षांपूर्वी कोसळलेलं जहाज आहे. बाहेरच्या जगाशी दहा वर्षं संपर्क नाही. आणि तिथे सगळीकडे थर्मल क्लिप पडलेल्या! त्या आणल्या कुणी? ती मोहीम त्या ग्रहावर अडकलेल्या माणसांची, त्यांचं भान हरपल्याची, फार काळजाला लागणारी गोष्ट आहे. मी मात्र जमिनीकडे बघत बसलो.

संथखेळ

तुम्हीच जमिनीकडे बघत बसलात, हेच तर मी म्हणतोय. क्लिप नसत्या तर त्या मोहिमेत गोळ्या संपून तुम्ही अडकला असतात.

गरमबंदूक

पहिल्या भागासारख्या बंदुका तेवढ्या मोहिमेपुरत्या तापू द्यायच्या! दहा वर्षं जुन्या ठिकाणी दहा वर्षं जुनी शस्त्रं. उलट तीच मोहीम सगळ्यात लक्षात राहिली असती. तक्रार बंदुकीबद्दल नाही, त्या जहाजाबद्दल आहे.

टॅमरीएलचा_वाटसरू

तुम्ही सगळे कॅनन, म्हणजे मालिकेची अधिकृत कथा, हा एकच खरा इतिहास असं धरून चाललाय. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला 'मॉरोविंड' खेळा. नेरेवार हा जुना सेनापती लाल पर्वतावर कसा मेला? मंदिर एक सांगतं, भटके ॲशलँडर दुसरं सांगतात, मंदिराच्याच देवांपैकी एक व्हिवेक तिसरंच. गेम शेवटपर्यंत निकाल देत नाही. त्याच मालिकेतल्या आधीच्या 'डॅगरफॉल'चे शेवट अनेक होते, त्यातला खरा कोणता? सगळेच. काळच तुटला आणि सगळे एकाच वेळी घडले. एल्डर स्क्रोल्समध्ये पुस्तकं त्या जगातल्या माणसांनी लिहिलेली असतात आणि माणसं चुकतात, खोटं बोलतात. विसंगती हाच तिथला मजकूर. झेल्डाकडेही तसंच बघा. दंतकथा आहे ती, दहा तोंडांनी दहा प्रकारे सांगितलेली.

ग्रिफिनस्वार

"निवेदक विश्वासार्ह नाही" हे वाक्य वाचलं की माझं डोकं सणकतं. का ते सांगतो.

वॉरक्राफ्ट या गेममालिकेचा 'क्रॉनिकल' हा ग्रंथ २०१६ पासून खंडाखंडाने आला. एवढ्या वर्षांच्या विस्कळीत इतिहासाचा अधिकृत ग्रंथ म्हणून आम्ही तो घेतला. मी पहिला खंड पेन्सिल घेऊन वाचलाय. पुढे नव्या कथेला तो अडचणीचा ठरू लागला तेव्हा कळलं की तो टायटनांच्या, म्हणजे त्या जगातल्या देवतुल्य पात्रांच्या दृष्टिकोनातून लिहिलेला आहे. म्हणजे आधी प्रमाण म्हणून हातात द्यायचं आणि जड झालं की "ते त्यांचं मत होतं" म्हणायचं. याला कथनतंत्र म्हणू नका. ही शब्द फिरवण्याची सोय आहे.

चूक झाली तर सरळ सांगता येतं. २००२ च्या तिसऱ्या भागाच्या माहितीपुस्तिकेत एरेडार या राक्षसी जमातीने सार्गेरास या टायटनाला बिघडवलं होतं. 'बर्निंग क्रुसेड'ने ते उलटं केलं. तेव्हा वॉरक्राफ्टची कथा लिहिणाऱ्या क्रिस मेटझेनने स्वतःचं जुनं लिखाण आपणच विसरलो हे उघडपणे कबूल केलं. चिडलो होतो, पण त्या माणसाबद्दलचा आदर वाढला.

टॅमरीएलचा_वाटसरू

वॉरक्राफ्टवाल्यांनी वाईट वापरलं म्हणून तंत्रच वाईट? 'मॉरोविंड'मध्ये प्रत्येक खोट्यामागे हेतू आहे. मंदिराला खरं दडवायचंय, कारण त्यांचे तीन देव त्या खुनात असू शकतात. दडवलेले कागद त्यांच्याच गुप्त ग्रंथालयात सापडतात. दोन्ही गोष्टींची तुलना करणं म्हणजे वाचलेलंच नाही याचा पुरावा.

ग्रिफिनस्वार

वाचलंय, आणि तुमच्यापेक्षा बारकाईने वाचलंय असं दिसतंय. नेरेवारचं मान्य, ते आधीपासून पेरलेलं आहे. पण काळ तुटण्याचं काय? 'डॅगरफॉल' १९९६ चा, 'मॉरोविंड' २००२ चा. एक शेवट निवडला तर बाकीचे खेळाडू दुखावतील म्हणून सहा वर्षांनी शोधलेली युक्ती आहे ती. आणि सिरोडील हा प्रांत? आधीच्या लिखाणात घनदाट जंगल. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' आला तर साधी हिरवी राई. मग म्हणे टॅलोस या देवाने हवामान बदललं. तेही तुमच्या खात्यात उच्च साहित्य म्हणून जमा का?

टॅमरीएलचा_वाटसरू

आवाज खाली. काळ तुटणं ही युक्ती होती, पण तिच्यातून पुढे अख्खं तत्त्वज्ञान उभं राहिलं. ठिगळ लावल्यावर वस्त्र आणखी देखणं झालं तर ठिगळ म्हणून त्याला हिणवायचं नाही.

सिरोडीलचं जंगल... ते मलाही आजतागायत सलतं. नदीकाठची ती भातशेती आणि शेकडो पंथांचं शहर मला बघायचं होतं. ठिगळ वाईटच आहे ते. एवढं लिहून घ्या, पुन्हा विचारू नका.

तुटकीकिल्ली

तुमच्याकडे निदान सगळं गेममध्ये तरी आहे. 'किंगडम हार्ट्स'चा तिसरा भाग २०१९ मध्ये आला, तोवर गोष्टीचे तुकडे गेम बॉय ॲडव्हान्स, डीएस, पीएसपी, थ्रीडीएस अशा हातातल्या यंत्रांवर सांडलेले. नंतर एकत्र संच आले, पण ज्यांनी पहिल्या भागानंतर थेट दुसरा भाग घेतला त्यांना रॉक्सास हा मुलगा कोण हे सुरुवातीचे तास कळतच नव्हतं. 'असॅसिन्स क्रीड'मध्ये जूनो ही खलनायिका एवढी वर्षं डोक्यावर टांगलेली, आणि तिचा शेवट कॉमिकमध्ये! माझ्यासाठी विसंगतीपेक्षा हे जास्त संतापाचं आहे.

अक्षरजुळणी

मी एका छोट्या गेमसाठी संवाद लिहायचे. कोणता ते सांगत नाही. तिसऱ्या टप्प्यात एक म्हातारी मरते. मग मधला एक टप्पा वेळेअभावी कापला गेला आणि त्यातली महत्त्वाची माहिती सातव्या टप्प्यात कुणाच्या तरी तोंडी घालायची होती. आवाज रेकॉर्ड झालेला फक्त म्हातारीचा. मी दोन रात्री जागून वाक्यं अशी वळवली की ती आठवण वाटावी, पण एका ठिकाणी ती समोरच्याला "बस" म्हणते. मेलेली बाई. मी विनवणी केली की तेवढा एक शब्द काढा. उत्तर मिळालं, "कुणाच्या लक्षात येणार नाही."

एका मुलाच्या लक्षात आलं. त्याने पत्र पाठवून विचारलं, आजी खरंच गेली होती का, की तिचं काही रहस्य आहे? तो पुढच्या भागाची वाट बघत होता. पुढचा भाग होणार नव्हता. ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा संथखेळ, लक्षात येतं. आणि निळीवही, आम्हाला पर्वा नव्हती असं कृपया धरून चालू नका.

ग्रिफिनस्वार

हे वाचून एक आठवलं. वॉरक्राफ्टवाल्यांच्या २०१० च्या ब्लिझकॉन मेळाव्यात लाल शर्टातल्या एका तरुणाने विचारलं होतं, बुटक्यांच्या तीन हातोड्यांच्या परिषदेत फॉल्स्टॅड हा सरदार का नाही? मंचावरून उत्तर आलं, तो मेला ना? तो म्हणाला, नाही, मूळ गेममध्ये तो जिवंत आहे, एरी पीकला. नंतर कितीतरी लोक त्या मुलाला हसले. बनवणाऱ्यांनी मात्र फॉल्स्टॅडला परिषदेत आणलं आणि त्याच्याशेजारी लाल शर्टातला एक बुटका उभा केला, तथ्य तपासनीस म्हणून. मी अजूनही गेममध्ये आयर्नफोर्जला गेलो की त्याला सलाम करतो. "हिशेब तपासणारे" म्हणून ज्यांना हिणवताय, त्यांच्यातला एक तिथे उभा आहे.

संथखेळ

ते हिणवणं माझं नव्हतं, पुन्हा सांगतो. अक्षरजुळणी, तुमचं वाचून मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा खोडलं.

कासचं एक वाक्य हवं होतं. मान्य. त्याने माझी एकही गोष्ट हिरावली नसती. गार्डियन मात्र गेले ते उत्तमच झालं, आणि तिसरा फाटा हा टाकाच आहे, यावर मी हलणार नाही.

निळीवही

एवढं पुरे आहे मला. अक्षरजुळणी, 'पर्वा नव्हती' असं माझ्या लिखाणातून ध्वनित झालं असेल तर ते मी मागे घेते.

भावाला हे सगळं पाठवलं. त्याचं एकच म्हणणं, "राउरूचं पान अजून रिकामं आहे." त्याच्या मते 'टीअर्स'मधल्या राउरू राजाने आणि राणी सोनियाने स्थापलेलं हायरूल म्हणजे दुसरी स्थापना, जुनं राज्य नष्ट झाल्यानंतरची. मला नाही वाटत. झोरा या जलमानवांच्या शिलालेखात 'ऑकरिना'तल्या रूटोची आठवण टिकते आणि मधलं अख्खं राज्य बुडाल्याची टिकत नाही?

संथखेळ

भाऊ बरोबर आहे. राउरूच्या ऋषींमध्ये रीटो, म्हणजे पक्षीमानव आहे. रीटो आले कधी? 'विंड वेकर'च्या पुरानंतर, झोरांपासून. मग ती पहिली स्थापना कशी असेल?

निळीवही

तिथे झोरा ऋषीही आहे ना? झोरांचेच रीटो झाले असतील तर दोघे शेजारी शेजारी कसे उभे? 'विंड वेकर'चे रीटो वेगळे आणि हे आधीपासून डोंगरात राहणारे वेगळे, असं का नाही? दाखवा कुठे लिहिलंय. मी वही काढलीय.