हुमणीच्या औषधानं फक्त हुमणीच मरते का?

मातीवेडी: काल ऊसकरी दादांनी उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीबद्दल लिहिलं, "औषध हुमणीला लागतं, मातीतल्या बाकी किड्यांना काय होतंय!" रात्री झोप लागली नाही मला. फिप्रोनिल काय, इमिडाक्लोप्रिड काय, हुमणीची ही दोन्ही औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवरच घाव घालतात. पाचटाखालच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या स्प्रिंगटेल या जीवाला मज्जासंस्था नसते का? पाचट कुजवणाऱ्या बुरशीवर तेच चरतात. इमिडाक्लोप्रिड मातीत महिनोन्महिने राहतं. युरोपनं २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याला बंदी घातली.

ऊसकरी: ती बंदी मधमाश्यांपायी होती, ताई. माझा २ एकर खोडवा हुमणीनं खाल्ला. बेट धरून ओढलं की मुळाशिवाय हातात यायचं. सोसायटीचं कर्ज स्प्रिंगटेल फेडणार आहेत का?

मातीवेडी: मधमाश्यांचं खरं आहे, चुकले. बाकी एक शब्द मागं घेणार नाही.

बीएस्सी_अ‍ॅग्री: डीडीटी टाकलेल्या मातीत स्प्रिंगटेल उलट वाढले होते. याचं काय?

मातीवेडी: त्यांना खाणारे कोळीकिडे आधी मेले म्हणून वाढले! अर्धंच सांगू नका.

निवृत्त_कृषी_सहायक: फोरेट हे दाणेदार कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. त्याआधी कितीतरी वर्षं मीच ते बांधाबांधावर सांगत फिरलो. दाणे टाकून पाणी सोडलं की गांडुळं वर येऊन तडफडायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी पुढच्या हंगामात पुन्हा सांगितलंय.

बांधावरचा: औषधाच्या नावानं ओरडता, आणि तोडणी झाली की फड पेटवता! त्या आगीत काय जिवंत राहतं?

ऊसकरी: पाचट ठेवलं की उंदीर होतात, पाणी सरीत पुढं सरकत नाही.

बांधावरचा: एकाआड एक सरीत ठेवा. मी ६ वर्षं काडी ओढली नाही.

ऊसकरी: तुमच्या घरात राबायला चार माणसं आहेत. मी एकटा, कुट्टीच्या यंत्राला भाडं मोजायचं कुठून?

बांधावरचा: काडीपेटीला भाडं लागत नाही म्हणून जाळायचं?

ऊसकरी: जिभेला हाड ठेवा!

निवृत्त_कृषी_सहायक: भांडू नका रे. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका. त्यांच्या अंड्यांतून येणारी अळीच कमी होईल.

ऊसकरी: साहेब, हे मान्य. पण मी एकट्यानं गोळा केले तर शेजारच्या बांधावरचे येणारच. गाव निघालं तर बॅटरी घेऊन पहिला मी येतो. तोवर मुळाशी औषधाची आळवणी थांबवणार नाही.