अमेरिकेतल्या विद्यापीठाचा आरोग्य विमा: गरज की गळ्यात मारलेलं लोढणं?

राजारामपुरीकर: मुलगी ऑगस्टमध्ये एमएसला अमेरिकेला निघालीय. फीच्या पत्रकात विद्यापीठाच्या आरोग्य विम्याचे वर्षाला २,९०० डॉलर लावलेत. अडीच लाख झाले की ओ! इथल्या एजंटनं आपल्याकडची विद्यार्थी पॉलिसी दाखवली, ५०,००० डॉलरचं कव्हर, हप्ता निम्म्याहून कमी. पोरगी २२ वर्षांची, रोज सकाळी रंकाळ्याला पळायला जाते, सर्दीशिवाय आजार माहीत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाला सरकारची विम्याची सक्ती नाही. मग ही परदेशी पोरांकडून काढलेली वर्गणीच म्हणायची.

पंचगंगा_घाट: शंभर टक्के बरोबर. मी इथूनच पॉलिसी घेऊन गेलो, दोन वर्षं काढली, एकदाही दवाखान्याची पायरी चढलो नाही. वाचलेल्या पैशांत एका सेमिस्टरचं घरभाडं निघालं.

कळंब्याची_लेक: पायरी चढावी लागली नाही हे तुमचं नशीब, पॉलिसीचं कर्तृत्व नव्हे.
काका, व्हिसाची सक्ती नाही हे खरं (जे-१ला, म्हणजे एक्स्चेंज व्हिसाला आहे, दर आजाराला किमान एक लाख डॉलरचं कव्हर लागतं). पण सक्ती विद्यापीठ करतं. बाहेरची पॉलिसी चालवायची तर वेव्हर, म्हणजे त्यांच्या विम्यातून सूट मागावी लागते, तिला मुदत असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसी त्यांच्या अटींत बसत नाहीत.
दुसरं म्हणजे, हप्ता हा विम्याचा खर्च नव्हे, ती फक्त सुरुवात. मी तिथं बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी हात घालायच्या आधी आपण भरायची रक्कम, माझी ५०० डॉलर होती. पुढच्या बिलाचे २० टक्के मीच भरायचे. पण दवाखाना नेटवर्कातला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला होता, त्यामुळं मुळात दरच ठरलेले, आणि वर्षभरात खिशातून किती जाणार यालाही मर्यादा. अमेरिकेच्या २०१०च्या आरोग्य विमा कायद्यानुसार चालणाऱ्या योजनेत जुना आजार पुढं करून कव्हर नाकारता येत नाही, मानसिक उपचारही त्यात येतात. आपल्याकडच्या पॉलिसीत जुना आजार सहसा जिवावर बेतला तरच धरतात.

राजारामपुरीकर: म्हणजे अडीच लाख भरूनही वर ५०० डॉलर आणि २० टक्के आपणच? मग माझं काय चुकलं?

कळंब्याची_लेक: चुकलं एवढंच की तुम्ही हप्त्याशी हप्ता ताडून बघताय. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली तर दोन्हीकडे आपल्या पदरचे किती जातील, ते मांडून बघा.

शाहूपुरी_ते_श्टुटगार्ट: म्हणून जर्मनी बरी. इथं सरकारी विमा, महिन्याला साधारण १४५ युरो, ३० वर्षांपर्यंत विद्यार्थी दर. डॉक्टरकडं कार्ड दाखवायचं, विषय संपला. एक सांगतो, स्वस्त खासगी विमा घेऊन यातून एकदा बाहेर पडलात की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. माझा एक मित्र तसाच अडकलाय.

मिसळ_कट_जास्त: इंग्लंडात तर विचारतच नाहीत, सरकारी आरोग्यसेवेचे पैसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच कापून घेतात. ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड, आधी ४७० होते. वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा सोळा महिन्यांचा, म्हणून मी दीड वर्षाचे १,१६४ भरले. आणि दात दुखला तर त्याचे पैसे वेगळेच!

पंचगंगा_घाट: इंग्लंड-जर्मनीचं इथं काय काम? प्रश्न अमेरिकेचा आहे. सगळीच पोरं बर्फावर पडत नाहीत. शिक्षणाचं कर्ज आधीच डोक्यावर, त्यात विम्याच्या रकमेवर पण व्याज. मध्यमवर्गानं किती भ्यायचं?

कळंब्याची_लेक: कर्ज आहे म्हणूनच म्हणते. हप्ता आधी माहीत असतो, कर्जात धरता येतो. दवाखान्याच्या बिलाला ऐनवेळी कर्ज कोण देणार?

राजारामपुरीकर: दोन दिवस घरी हाच विषय. मंडळींनी आठवण करून दिली, पोरीला बारावीपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. मी आजार नाही म्हणून इथं लिहून मोकळा, आणि एजंटनंही विचारलं नव्हतं. आज फोनवर विचारलं तर म्हणाला, "फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही ओ." तिथंच फोन ठेवला. पोरगी आता विद्यापीठाच्या योजनेची ४० पानं वाचत बसलीय.

पंचगंगा_घाट: थायरॉइड असेल तर माझं म्हणणं तुमच्यापुरतं मागं घेतो. फक्त तुमच्यापुरतं.