मदत हवी आहे: गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मध्येच बसतो

मांद्रेवासी: माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाजवता वाजवता अचानक बसतो आणि एखादी तार जोरात छेडली की पुन्हा वर येतो. शनिवारी म्हापशाला कार्यक्रम आहे आणि दुरुस्तीवाले पंधरा दिवस मागत आहेत, म्हणून घरीच उघडणार आहे. कोणता भाग बदलावा, एवढेच नेमके सांगावे.

सोल्डरप्रेमी: अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) आहे की ट्रान्झिस्टरचा, हे आपण लिहिलेलेच नाही. व्हॉल्व्हचा असल्यास कृपया उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, प्लग काढल्यावरही 300-400 व्होल्ट साठून राहू शकतात आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. गिटार आणि केबल बदलून पाहिली का?

फोंड्याचे काका: फिल्टर कपॅसिटर बदला. माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर दोन कपॅसिटर बदलताच थांबली, आणि तो अजूनही आमच्या भजनात वाजतो.

सोल्डरप्रेमी: काका, घरघरीबद्दल इथे कोणी विचारलेले नाही. आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, त्यामुळे ती वीज सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला की 100 हर्ट्झची सलग घरघर ऐकू येते. येथे आवाज ये-जा करतो आहे, म्हणजे कुठेतरी जोडणीचा स्पर्श नीट होत नाही.

मांद्रेवासी: ट्रान्झिस्टरचाच आहे, 30 वॅटचा, हे सांगायला हवे असे वाटले नव्हते. दुसरी गिटार आणि दुसरी केबल लावूनही तसेच होते. पावसाळाभर तो समुद्राकडच्या खोलीत पडून होता. मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक आहेत, पण ते मी कधीच वापरले नाहीत, त्यामुळे त्यांचा संबंध नसावा.

सोल्डरप्रेमी: कधीच वापरले नाहीत, म्हणूनच संशय त्यांच्यावर आहे. त्यांत काही खोचलेले नसते तेव्हा प्रीअ‍ॅम्पचा (गिटारचा सिग्नल आधी घेणाऱ्या भागाचा) सिग्नल बहुधा रिटर्न जॅकमधल्या धातूच्या एका छोट्या पट्टीच्या स्पर्शातून पॉवर अ‍ॅम्पकडे (स्पीकर चालवणाऱ्या भागाकडे) जातो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेने त्या पट्टीवर थर चढला की आवाज बसतो, आणि जोराचा सिग्नल कधी कधी तो थर भेदून पुढे जातो. गिटारची एक आखूड केबल सेंडमधून रिटर्नमध्ये जोडून पाहा, म्हणजे सिग्नल त्या पट्टीला टाळून जाईल. त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

तिसरा सूर: केबल कशाला? गंज काढायचा स्प्रे मारला की झाले.

सोल्डरप्रेमी: तो स्प्रे मारू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर आणावा, प्लग काढून ठेवून जॅकमध्ये थोडासा मारावा, केबलचे टोक पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

मांद्रेवासी: केबल जोडली आणि अर्धा तास वाजवले, आवाज एकदाही बसला नाही. मी तर सोल्डरिंग आयर्न तापवून बसलो होतो! क्लीनर शुक्रवारी बाजारातून आणीन. तोपर्यंत ही केबल तशीच ठेवून वाजवले तर चालेल का?

सोल्डरप्रेमी: खुशाल चालेल. मात्र केबल टेपने मागच्या बाजूला चिकटवा, कारण रंगमंचावर कोणाचा पाय अडकून ती निघाली तर आवाज पुन्हा बसेल.

फोंड्याचे काका: कपॅसिटरही एकदा पाहून घ्या.