मांजराचं पिल्लू दत्तक घेतलंय? गोव्यातले अनुभव लिहा

पर्वरीकरीण
आमच्या फ्लॅटमध्ये लवकरच एक चार महिन्यांची भाटी (मांजरी) येतेय, रस्त्यावरनं उचललेली, सध्या एका स्वयंसेवक ताईंकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आहे. त्यांनी एवढा मोठा फॉर्म पाठवलाय की नवरा म्हणतो आपलं लग्न ठरताना पण एवढी चौकशी झाली नव्हती. खिडक्यांना जाळी आहे का, घरमालकाला चालतं का, नसबंदी करणार असं लिहून द्या, गावी गेलात तर कोण बघणार. ज्यांनी असं पिल्लू घेतलंय त्यांनी लिहा ना, बरंवाईट सगळं.

म्हापशाची सून
आमची बाजारात मासळीच्या टोपल्यांमागे सापडलेली. आणली तशी गोदरेजच्या कपाटामागे जाऊन बसली ती बसलीच. फॉस्टरवाल्या मुलीनं आधीच बजावलेलं की एकच खोली द्या, बाहेर ओढू नका, तिनं स्वतःच्या घरातलं थोडं वापरलेलं लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) आणि पिल्लू ज्यावर झोपायचं ते फडकंपण दिलं, ओळखीचा वास राहतो म्हणून. दिवसा शेपूटपण दिसायची नाही, रात्री मात्र लिटर खरवडल्याचा आवाज यायचा आणि सकाळी वाटी रिकामी, म्हणजे खातेय-जातेय, मग मी पण निवांत. आणि एक दिवस सासूबाई विळीवर बांगडे कापायला बसल्या तर ही बाई थेट पाटापाशी, मिशा पुढे काढून! मांजर नको म्हणून सगळ्यात जास्त कटकट केलेली सासूबाईंनीच, आता "यो गो यो" करत काटे काढून उकडलेला बांगडा तिला आधी. दूध मात्र देऊ नका हां, पोट बिघडतं.

फोंड्याचा मास्तर
जोडीनं घ्या. दोघं एकमेकांना चावतात, आपले पाय वाचतात.

डिचोलीकर
मी वेगळं लिहितो, राग नसावा. आम्हाला फॉस्टरवाले पिल्लू द्यायला नाही म्हणाले. का तर घराला अंगण आहे आणि दार दिवसभर उघडं. अहो गावात दार बंद करून कोण बसतं? शेवटी शेजारच्या मांजरीचं पिल्लू आणलं, लसी दिल्या, नसबंदी केली, मजेत आहे. हे नियम फ्लॅटवाल्यांनी फ्लॅटवाल्यांसाठी केलेत असं माझं मत.

ताळगावची फॉस्टर
@डिचोलीकर दादा, तुमच्यासारखे सगळे असते तर आम्ही पण फॉर्म फाडून टाकला असता. पण बाटलीनं वाढवलेलं पिल्लू दिल्यावर चार दिवसांत गाडीखाली गेल्याचा फोन येतो तेव्हा काय वाटतं ते आमचं आम्हाला. आणि नसबंदीचं लिहून घेतो कारण भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, पुढे 9 आठवड्यांत पिल्लं, की ती परत आमच्याच दारात खोक्यातून. गावातल्या उघड्या घरांना आम्ही नसबंदी झालेली, बाहेरची सवय असलेली मोठी मांजरं देतो, विचारून बघा.

मडगावची
आमचं आधीचं पिल्लू पॅनल्यूकोपेनियानं (मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार) गेलेलं, दुसरं मागायला गेले तर लस पूर्ण झालेलंच देऊ म्हणाले. तेव्हा चीड आली. मग डॉक्टरांनी सांगितलं की तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो, नुसत्या फिनाइलवर विसंबू नका, पातळ केलेल्या ब्लीचनं पुसा. तिहेरी लस साधारण 8 आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर, आणि रेबीजची 12 आठवड्यांनंतर. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला असला तरी ती चुकवू नका. @पर्वरीकरीण, लसीचं कार्ड आणि जंताच्या औषधाच्या तारखा ताईंकडून आधीच घेऊन ठेव.

पर्वरीकरीण
थँक्यू सगळ्यांना, कार्ड मागितलंय. आता खरा प्रश्न चवथीचा (गणेश चतुर्थीचा). आम्ही सगळे मूळ घरी सत्तरी तालुक्यात, तिथे पन्नास माणसं आणि फटाके, तिला नेणं शक्यच नाही.

म्हापशाची सून
चवथीला फॉस्टरवाल्यांना विचारू नकोस, तेपण गावी जातात. आमच्याकडे शेजारचे कॅथलिक अंकल-आंटी चावी घेऊन येतात, खाणं-लिटर बघतात, आणि नाताळात त्यांचा कुत्रा आमच्या बाल्कांवात (ओसरीत). नरकासुराच्या रात्री (दिवाळीत त्याचे पुतळे जाळतात तेव्हा) मात्र आतल्या खोलीत पंखा मोठा करून तिच्यासोबत मीच बसते.