आठवड्याला तीन दिवस काम की थेट निवृत्ती? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

मोगरी:
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते. कंपनीने आमच्या विभागातल्या काही जणांपुढे दोन पर्याय ठेवलेत. एक, या महिनाअखेर निवृत्ती घ्या, वर काही रक्कम देतील. दुसरा, पुढची दोन वर्षं आठवड्यातून तीनच दिवस या, पगार त्या प्रमाणात, आणि मग निवृत्ती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. घरात दोन तट पडलेत. मिस्टर म्हणतात सोडून टाक, मुलगा म्हणतो तीन दिवस जा, हातात काहीतरी येत राहील. मला बाबांसाठी दिवस मोकळे हवेत हे नक्की, पण पैशांचं गणित कुठल्या बाजूने बसतं तेच कळत नाही. "मनाचं ऐका" वगैरे कृपया नको. हिशेब हवाय.

डिचोलीकर:
ताई, वय किती? नोकरी किती वर्षं झाली? बेसिक किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग हिशेब करायचा कशाचा?

म्हार्दोळचा वाटसरू:
२० वर्षं अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन लगेच सुरू होतं. मी सरकारी खात्यातून तशीच घेतली. डोळे झाकून घ्या. नोटिशीची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा आणि सेवापुस्तिका आधीच तपासून घ्या, नोंदी राहिल्या असतील तर पेन्शनची फाईल अडते.

बोरीकर:
वाटसरू, त्यांनी पहिल्याच ओळीत "कंपनी" लिहिलंय. सेवापुस्तिका कुठून येणार?

मोगरी:
वय ५४, येत्या जूनमध्ये ५५ पूर्ण होतील. वेर्ण्याला औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. २६ वर्षं पूर्ण झालीत. बेसिक अधिक महागाई भत्ता ४२,०००, भत्ते धरून ७०,००० च्या आसपास. आठवड्याला सहा दिवस. फोंड्याहून कंपनीच्या बसने जाते. आता सांगा.

बोरीकर:
फोंडा ते वेर्णे रोज, तेही बोरीच्या पुलावरून! एवढ्यावरूनच सांगतो, सोडा. संध्याकाळी पुलाच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला की बस जागची हलत नाही. नव्या पुलाची चर्चा किती वर्षं ऐकतोय. जुवारीचा झाला, दोन्ही बाजू सुरू झाल्या, आम्ही आहोत तिथेच.

डिचोलीकर:
पुलासाठी वेगळा धागा काढा हो. ताई, महत्त्वाचं विचारतो: "वर काही रक्कम" म्हणजे नेमकी किती? लेखी दिलीय की तोंडी?

मोगरी:
तोंडी. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार असं एचआरवाले म्हणाले.

हिशेबनीस:
थांबा. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ही तुमची ग्रॅच्युइटीच झाली. ती नियमानेच मिळते, राजीनामा दिलात तरी मिळते. शेवटचं बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे ४२,००० आणि २६ वर्षं धरली तर ६,३०,००० होतात. कंपनी हीच रक्कम "वर काही" म्हणून दाखवते आहे की ही सोडून आणखी देते आहे, ते आज विचारा. दुसरी रक्कम नसेल तर तुमच्यापुढे स्वेच्छानिवृत्ती योजना नाहीच, साधा राजीनामा आहे.

आता तीन दिवसांचं. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर निघते. पगार निम्मा झाला आणि पगारपत्रकावर बेसिक २१,००० असं छापून आलं, तर दोन वर्षांनी २८ वर्षांची ग्रॅच्युइटी होईल सुमारे ३,३९,०००. म्हणजे दोन वर्षं जास्त काम करून हातात जवळपास ३ लाख कमी. हे कोणी तोंडाने सांगणार नाही.

पणजीचा गुंतवणूकदार:
ग्रॅच्युइटीच्या मागे कशाला लागायचं? जे मिळेल ते घ्या, पीएफही काढा, सगळं चांगल्या म्युच्युअल फंडात टाका आणि एसडब्ल्यूपी, म्हणजे फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढायची सोय, लावा. मी तेच केलं आहे, महिन्याला ठरलेली रक्कम बँकेत जमा होते. काम कशाला करायचं?

डिचोलीकर:
आणि बाजार पडला की? फंडातून दरमहा ठरलेले पैसे काढायचे आणि त्याच वेळी मूळ रक्कमही घसरत जायची, असं एकदम झालं तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच खड्डा पडतो. ५४ व्या वर्षी सगळं एकाच टोपलीत टाकायला सांगू नका कुणाला.

वेर्ण्याचा कामगार:
हिशेबनीस, तुमच्याशी अर्धाच सहमत. नियमात शेवटच्या वेतनाचा "दर" धरतात. आज ताईंचा रोजचा दर ४२,००० भागिले २६, म्हणजे सुमारे १,६१५ रुपये. दर तोच ठेवून फक्त दिवस कमी केले, तर पंधरा दिवस गुणिले २८ वर्षं, ६,७८,००० च्या वर जातात. म्हणजे पत्रात काय लिहितात त्यावर आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा. "सुधारित मासिक बेसिक २१,०००" लिहिलं तर तुमचा हिशेब खरा. "रोजचा दर कायम, कामाचे दिवस तीन" लिहिलं तर माझा.

हिशेबनीस:
मान्य, म्हणूनच तोंडी शब्दावर जाऊ नका म्हणतोय. त्यात आणखी एक मेख आहे. सहा दिवसांच्या आस्थापनेत अखंड सेवेसाठी वर्षाला २४० दिवसांचा निकष लावतात. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ च्या आसपास. सेवा खंडित नसेल तर हा निकष लावायची वेळ येत नाही, पण उद्या नवा अधिकारी आला आणि म्हणाला ही दोन वर्षं धरतच नाही, तर तुम्ही काय दाखवणार? "सेवा अखंड, मूळ रुजू तारीख कायम" एवढं वाक्य पत्रात हवंच हवं.

वेर्ण्याचा कामगार:
२४० वर कंपनी भांडली तर लेबर कमिशनरकडे टिकणार नाही. नोकरी सुरू आहे, कपात त्यांनीच देऊ केली.

हिशेबनीस:
टिकणार नाही हे सिद्ध करायला ताईंनी कचेरीच्या फेऱ्या का माराव्यात? एका ओळीचं काम आहे.

वाडीकरीण:
ताई, विचारू नये पण घर कशावर चालतं? तुमच्या पगारावर की मिस्टरांच्या?

पणजीचा गुंतवणूकदार:
हा प्रश्न बाईलाच का विचारायचा? पुरुषाने धागा काढला असता तर विचारलं असतं?

वाडीकरीण:
पुरुषालाही विचारलं असतं. हिशेब घराचा असतो, एकट्या माणसाचा नसतो. माझ्या यजमानांनी ५३ ला नोकरी सोडली तेव्हा माझी अंगणवाडी होती म्हणून निभावलं.

मोगरी:
राग नाही. मिस्टरांचं तिस्काजवळ स्टेशनरीचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा उघडताना आणि चवथीच्या आधी चांगलं चालतं, एरवी बेताचं. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कर्ज नाही. पण बाबा केरीला एकटे असतात, वय ८४, आणि त्यांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. मी एकुलती. गेल्या पावसात कोळेरोगाने निम्मी सुपारी गळली, कारण औषध मारायला वेळेवर माणूस मिळाला नाही आणि मला रजा मिळाली नाही. पोफळीखाली हिरव्या गोट्यांचा खच पडला होता, पांढरी बुरशी धरलेला, आणि बाबा काठी टेकत एकेक गोटा उचलून टोपलीत टाकत होते. म्हणून दिवस हवेत.

पोफळीखाली:
हे आधी सांगायचं ना! कोळेरोगाला औषध पाऊस सुरू होण्याआधीच पडायला हवं. बोर्डो मिश्रण, १ टक्का: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या पिंपात विरघळवा आणि लाकडी काठीने ढवळा, लोखंडी भांडं वापरू नका. ताजंच मारायचं, उरलं तर दुसऱ्या दिवशी नको. दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, मधे उघडीप बघून. गळलेले गोटे बागेत ठेवायचे नाहीत, रोग तिथूनच पसरतो, म्हणजे बाबा करतात ते बरोबर आहे. माणूस मिळत नाही हे खरं. पोफळीवर चढणारी जुनी माणसं थकली, पोरं चढत नाहीत. आमच्या वाड्यावर चौघांनी मिळून एकच माणूस आधीपासून बांधून ठेवलाय, तुम्हीही केरीत तसं बघा. आणि माकडांचं काय करता?

डिचोलीकर:
पोफळीखाली, माहिती मोलाची, पण शुक्रवार जवळ आलाय. ताई, मुद्द्यावर: जूनमध्ये ५५ म्हणालात ना? पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० नंतरच असं सगळे समजतात, पण निवृत्त झालेल्या माणसाला ५५ पासून घेता येते. अट अशी की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं आणि रक्कम त्या पैशांपेक्षा जास्त नको. कमाल मर्यादा ३० लाख, सध्या ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. १० लाख ठेवलेत तर तिमाहीला २०,५००. आता महिनाअखेर सोडलंत आणि पैसे लगेच हातात पडले, तर तीन महिने जूनच्या आधीच संपतात आणि ही वाट ६० पर्यंत बंद. जूननंतर सोडलंत तर उघडी.

पणजीचा गुंतवणूकदार:
त्या व्याजावर कर लागतो हेही सांगा.

डिचोलीकर:
लागतो. कर भरूनही रात्री झोप लागते.

मोगरी:
जूनचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ता एचआरला फोन केला. पंधरा दिवसांची रक्कम ग्रॅच्युइटीचीच आहे, वेगळं काही नाही. मला खरंच वाईट वाटलं, "वर काही देऊ" असं म्हणाले होते. दुसरं विचारते: निवृत्ती दाखवून ग्रॅच्युइटी आत्ताच ४२,००० वर घ्यायची आणि मग कंत्राटावर तीन दिवस जायचं, हे चालेल का? एक सहकारी तसं करतोय.

हिशेबनीस:
चालतं, ग्रॅच्युइटी पुऱ्या पगारावर पक्की होते हा फायदा. पण कंत्राटात पीएफ, रजा, विमा हे सगळं नव्याने ठरतं आणि कंत्राट कधीही संपवता येतं. शिवाय डिचोलीकर म्हणतात तो जूनचा मुद्दा हातचा जातो, पैसे आत्ताच मिळाल्यामुळे. सहकाऱ्याला एक सांगा: खऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतली ५ लाखांपर्यंतची करसवलत घेणाऱ्याला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत नाही. तुमच्या बाबतीत योजनाच नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

वेर्ण्याचा कामगार:
पेन्शनची काळजी नको. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतचं पेन्शन, १५,००० च्या मर्यादेवर निघतं, बेसिक २१,००० झालं तरी त्याच्या वरच आहे. नोकरी सोडली तरी ते ५८ पर्यंत काढू नका, आधी घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होतं. पीएफही घाईने काढू नका. आणखी एक, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादाचा भाग वेतनात धरतात. तुमचे भत्ते ७० पैकी २८, म्हणजे निम्म्याच्या आत, फरक पडत नाही. पण तीन दिवसांच्या पत्रात बेसिक कापून भत्ते फुगवले तर लक्ष ठेवा.

वाडीकरीण:
विम्याचं कोणीच बोलत नाही. कंपनीचा मेडिक्लेम तीन दिवसांवर राहतो का? साखर, बीपी काही आहे का ताई? नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, थांबलेली वर्षं धरली जातात, पण मुदत संपायच्या आधीच, वेळेत अर्ज करायला हवा. यजमानांच्या वेळी आम्ही वेळेत केलं म्हणून पुढच्या वर्षीचं ऑपरेशन निभावलं. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड आहे ना? तिघांच्या कुटुंबाला २.५ लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. तेवढ्यावर विसंबू नका, पण नूतनीकरण चुकवू नका.

मोगरी:
साखर आहे, गोळ्या चालू आहेत. कार्ड आहे.

सगळ्यांचं वाचून काल रात्री मिस्टर आणि मुलगा दोघांना समोर बसवून आकडे मांडले. तीन दिवसांनी महिन्याला ३५,००० च्या आसपास, दोन वर्षांचे साडेआठ लाखांच्या जवळ. आत्ता सोडून वर काहीच नाही. मिस्टरांनाही पटलं. आज सकाळी एचआरला मेल लिहिली: तीन दिवस मान्य, पण पत्रात चार गोष्टी हव्यात. रोजचा दर कायम, सेवा अखंड, मेडिक्लेम चालू, आणि एका महिन्याच्या नोटिशीने मला कधीही निवृत्त होता येईल. दर आणि सेवा यांना दुपारी होकार आला, तोही लेखी. मेडिक्लेमचं विमा कंपनीला विचारून सोमवारी सांगतो म्हणाले, म्हणून माझी मुदतही सोमवार झाली. नोटिशीचं अजून उत्तर नाही. तीन दिवस कुठले ते मी निवडायचे. सलग सोम-मंगळ-बुध घेऊ की एक आड एक?

हिशेबनीस:
नोटिशीचं सोडू नका. तेच तुमचं जूनचं दार आहे.

बोरीकर:
सलग घ्या. आठवड्याला तीनदाच पूल.

पोफळीखाली:
सलगच. औषध मारायचं तर उघडीप बघून दोन दिवस लागोपाठ मोकळे लागतात, एक आड एक असलात तर नेमक्या कोरड्या दिवशी तुम्ही वेर्ण्याला असाल. आणि माकडांचं विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं.