आवाज ठीक, पण पानांवरही बघा

रात्री ओढ्याकाठी उभं राहून आवाज टिपले की बेडकांची यादी झाली, हे वर कुणीतरी लिहिलंय ते झाडावरच्या बेडकांपुरतं मान्य. पण भर पावसात कोयनेकडच्या एखाद्या ओढ्यावर जा, खळखळाटात बारीक आवाज बुडून जातात. फोनच्या रेकॉर्डिंगचं तर विचारूच नका.

बॉम्बे नाइट फ्रॉग घ्या (नाव मुंबईचं, मुक्काम सह्याद्रीतल्या ओढ्यांवर). याची अंडी बहुतेकदा पाण्यावर झुकलेल्या पानांना चिकटलेली असतात, पारदर्शक जेलीत काळे-पांढरे ठिपके. पिल्लं बाहेर पडली की थेट खाली प्रवाहात. नर मादीला मिठी मारत नाही, हात पानावर टेकून नुसता तिच्या पाठीवर बसतो. ही पद्धत २०१६ साली प्रसिद्ध झाली. म्हणून बॅटरी पाण्यावर नाही, हातभर वर मारा. आणि दिवसाही एक फेरी हवीच. इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं ओल्या कातळावर, पाण्याच्या पातळ थरात चिकटून असतात. हात नेला की लांब शेपटीच्या झटक्याने उडतात. ती आवाजाच्या यादीत कशी येणार?

बाकी, डासांचं मलम लावलेल्या हातांनी बेडूक उचलू नका. त्यांच्या कातडीतून ते आत जातं.